एका पत्रातून उगवलेली बाग

मंडळी, यंदाचा चैत्र काही घरी काढता आला नाही. मुलगा बरेच दिवस मागे लागला होता, शेवटी मार्चअखेरीस त्याने मला विमानात बसवलंच. तो राहतो इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला. चैत्रगौरीचं हळदीकुंकू गेलं, पण सुनेने कुठूनशी कैरी पैदा करून आंब्याची डाळ मात्र केली. ती डाळ डब्यात, चहा थर्मासमध्ये आणि माझे गुडघे पट्ट्यांमध्ये, अशा तयारीने एका शनिवारी आम्ही केनिलवर्थचा किल्ला बघायला निघालो. ऊन पडणार असं भाकीत होतं. इथे ऊन पडणार ही बातमी असते, आणि ती आल्यावर कोणी घरात बसत नाही.

केनिलवर्थ कॉव्हेंट्रीपासून जेमतेम आठ किलोमीटर. माझ्या डोक्यात किल्ला म्हटलं की चढण येते. सज्जनगड, प्रतापगड, निदान अजिंक्यतारा तरी. "मला नाही चढवणार रे," असं मी मुलाला आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं. तो म्हणाला, "आई, तिथे चढायचं नाहीये. आणि तुला बाग दाखवायची आहे, किल्ला नाही." मी मनात म्हटलं, बाग बघायला किल्ल्यावर कशाला जायचं? पण गप्प बसले. परदेशात मुलाच्या गाडीत बसल्यावर आपण गप्पच बसायचं असतं.

किल्ला खरंच सपाटीवर आहे, आपल्याकडे भुईकोट म्हणतात तसा. तांबूस वालुकाश्माच्या उंचच उंच भिंती, अर्ध्या पडलेल्या, खिडक्यांच्या जागी नुसतं निळं आभाळ. भोवती मैलभर हिरवीगार कुरणं आणि त्यात मेंढ्या. मला वाटलं, किल्ल्याला ना डोंगर ना समुद्र, मग याचं रक्षण कोण करत होतं? उत्तर तिथल्या पाटीवर होतं. ती कुरणं म्हणजे एकेकाळचा तलाव! ओढ्यांना बांध घालून शंभरेक एकरांचं पाणी किल्ल्याभोवती खेळवलेलं होतं. १२६६ साली राजाविरुद्ध बंड करणारे सरदार या किल्ल्यात अडकून बसले आणि राजाच्या फौजेने वेढा घातला. हा वेढा सुमारे सहा महिने चालला. किल्ला तोफांनी किंवा शिड्यांनी पडला नाही, तो पडला भुकेने आणि रोगराईने. आपल्याकडच्या वेढ्यांच्या गोष्टी शिकवलेल्या माझ्यासारखीला हे लगेच ओळखीचं वाटलं. दाणागोटा संपला की भिंतीची जाडी कामाला येत नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्यानंतर तीनशे वर्षांचं.

मी शाळेत तेहेतीस वर्षं इतिहास शिकवला. आमच्या पाठ्यपुस्तकात इंग्लंडची पहिली एलिझाबेथ राणी यायची ती एका ओळीपुरती: ३१ डिसेंबर १६०० रोजी तिने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. बस्स! मुलं तेवढं पाठ करायची आणि रिकाम्या जागा भरायची. ही बाई कोण, तिला काय आवडायचं, ती कोणाशी भांडायची, हे ना पुस्तकात होतं ना, खरं सांगायचं तर, मला ठाऊक होतं. केनिलवर्थला ती मला पहिल्यांदा माणूस म्हणून भेटली.

गोष्ट अशी. रॉबर्ट डडली नावाचा एक सरदार होता. त्याचा बाप १५५३ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली शिरच्छेद होऊन मेला. रॉबर्ट स्वतःही लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होता, आणि १५५४ मध्ये काही महिने त्याच टॉवरमध्ये राजकन्या एलिझाबेथही कैदेत होती. दोघांची लहानपणापासूनची ओळख. १५५८ साली ती राणी झाली आणि डडली तिच्या दरबारात सगळ्यांच्या डोळ्यांवर येईल इतका पुढे आला. तो विवाहित होता. १५६० च्या सप्टेंबरमध्ये त्याची बायको एमी एका घरात जिन्याखाली मरून पडलेली सापडली. चौकशीत अपघात ठरला, पण लोकांची तोंडं कोण धरणार? बायको वारली म्हणून डडली मोकळा झाला, आणि त्या वारण्यामुळेच राणीला त्याच्याशी लग्न करणं अशक्य झालं. दैव म्हणतात ते असं.

१५६३ साली राणीने त्याला केनिलवर्थ दिलं आणि पुढच्या वर्षी लेस्टरचा अर्ल केलं. त्याने किल्ल्याचा महाल करायला घेतला. राणीसाठी चारमजली नवी इमारत बांधली, उत्तरेला नवा दरवाजा बांधला, आणि जुन्या बुरुजाच्या पायथ्याशी, किल्ल्याच्या तटाच्या आत, एक बाग केली. १५७५ च्या जुलैमध्ये राणी तिथे मुक्कामाला आली. ९ ते २७ जुलै, एकोणीस दिवस. ती एवढे दिवस दुसऱ्या कोणत्याही सरदाराच्या घरी कधी राहिली नाही. शोभेची दारू, नाटकं, शिकारी, अस्वलांच्या झुंजी, तलावात तरंगणारी बेटं, काय नव्हतं! असं म्हणतात की राणी असेपर्यंत बुरुजावरचं घड्याळ दोनवर थांबवून ठेवलं होतं. दोन म्हणजे मेजवानीची वेळ. यजमानाला वेळच पुढे जायला नको होती.

राणी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची. डडलीचा हा शेवटचा प्रयत्न होता असं बरेच इतिहासकार मानतात. लग्नाचा विषय काढणारं एक नाटक बसवलं होतं, ते झालंच नाही. पाऊस आड आला असं सांगण्यात आलं. पाऊस की राणी, हे ज्याचं त्याने ठरवावं. तीन वर्षांनी डडलीने दुसरीच्याच बरोबर गुपचूप लग्न केलं आणि राणीने त्या बाईला जन्मभर माफ केलं नाही.

मी मुलांना नेहमी विचारायची, "हे तिकडे चाललं होतं, तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं?" सवयीने मी ते नातीलाही विचारलं. ती अकरा वर्षांची, तिला काय माहीत असणार! मग मीच सांगितलं. १५७५ साली अकबर फत्तेपूर सिक्रीत इबादतखाना बांधत होता. शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून पंचावन्न वर्षं होती. आणि आपल्या अहमदनगरला, आता अहिल्यानगर म्हणतात, निजामशाहीत मोठ्या तलावाच्या मधोमध फराहबाग नावाचा महाल उभा राहत होता, तो १५८३ मध्ये पुरा झाला. म्हणजे पाण्यात महाल आणि महालापाशी बाग, ही हौस एकाच वेळी दोन टोकांना चालली होती. आणि आज दोन्हीकडचे तलाव कोरडे आहेत. इथे मेंढ्या चरतात, एवढाच फरक.

तर ती बाग. बुरुजाच्या खालच्या अंगाने एका दारातून आत गेलो आणि एकदम एका उंच ओट्यावर आलो. खाली बाग पसरलेली. एखाद्या बाईने रांगोळीचा गालिचा काढावा तशी. साधारण एकरभर जागा, तिचे चार सारखे भाग, प्रत्येक भागात वाफ्यांची भूमिती, मधोमध एकेक उंच निमुळता स्तंभ. ओट्यावर पांढरी दगडी अस्वलं बसलेली. अस्वल हे डडली घराण्याचं चिन्ह. दोन्ही टोकांना लाकडी मांडव, त्यांवर वेल चढवलेले. एका बाजूला पक्ष्यांचं भलं मोठं घर, आत किलबिल. आणि अगदी मध्यावर पांढऱ्याशुभ्र संगमरवराचं कारंजं, अठरा फूट उंच. दोन धिप्पाड पुरुष पाठीला पाठ लावून उभे आणि त्यांनी डोक्यावर गोल उचलून धरलेला. खालचं टाकं आठ कोनांचं, त्याच्या बाजूंवर समुद्रदेवतांची कोरीव चित्रं.

फळझाडांना बहर आला होता. पांढऱ्यात किंचित गुलाबी. वाफ्यांत काही फुलं उमललेली, काही अजून कळ्यांत. वासाची झाडं कडेकडेने लावलेली, पदर लागला की वास येणारी. मी एका बाकावर बसले आणि डब्यातली डाळ काढली. समोर एलिझाबेथ राणीची बाग आणि हातात आंब्याची डाळ. मला वाटलं, चैत्रगौर काही अगदीच चुकली नाही आपली.

तेवढ्यात नात पळत आली आणि तिने विचारलं, "आजी, ही बाग खरी आहे की खोटी?"

म्हणजे झालं असं होतं की तिने पाटी वाचली होती. ही बाग २००९ सालची आहे. म्हणजे माझ्या नातीपेक्षा फार मोठी नाही! मूळ बाग कधीच नाहीशी झाली होती. जागेवर अनेक वर्षं नुसतं गवत, मग १९७० च्या दशकात एका जुन्या नकाशावरून केलेली साधीशी बाग. आणि मग किल्ल्याची देखभाल करणाऱ्या इंग्लिश हेरिटेज संस्थेने ठरवलं की डडलीची बाग पुन्हा उभी करायची. सुमारे एकवीस लाख पौंड खर्च करून ती केली.

पण कशावरून? फोटोचा काळ नाही. कोणी चित्र काढून ठेवलेलं नाही. होतं ते एक पत्र.

१५७५ च्या त्या एकोणीस दिवसांत दरबारातला एक किरकोळ माणूस तिथे हजर होता. रॉबर्ट लँगम त्याचं नाव. कामही मोठं नाही, मसलतखान्याच्या दारावरची राखण. एक दिवस राणी शिकारीला गेली, तेव्हा एड्रियन नावाच्या माळ्याने याला हळूच बागेत सोडलं. बाग खाजगी होती, आल्यागेल्याने शिरायची नाही. आत जाऊन हा माणूस वेडा झाला. त्याने लंडनमधल्या आपल्या मित्राला लांबलचक पत्र लिहिलं. नुसतं 'फार सुंदर बाग होती' असं लिहिलं असतं तर आज काही हाती लागलं नसतं. पण त्याने मापं लिहिली! ओटा दहा फूट उंच आणि बारा फूट रुंद. स्तंभ पंधरा फूट. पक्ष्यांचं घर वीस फूट उंच, तीस फूट लांब, चौदा फूट रुंद, आणि त्यावर हिरे-पाचू-माणकांसारखे रंगवलेले खडे. सफरचंद, पेअर, पिकलेल्या चेरी, स्ट्रॉबेरी, सुवासिक पाला. कारंज्याची एक खोडीही त्याने लिहून ठेवली आहे. बघणारा जवळ येऊन कोरीवकाम न्याहाळू लागला की कोणीतरी लपून तोटी फिरवायचा आणि पाहुणा नखशिखांत भिजायचा. चारशे पन्नास वर्षांपूर्वीचा वात्रटपणा!

आता माझ्यातली मास्तरीण जागी झाली. एका पत्रावर विश्वास कसा ठेवायचा? आम्ही मुलांना शिकवलं, एकच साधन कधी पुरेसं नसतं, दुसऱ्या साधनाशी ताडून पाहावं. शिवाय हे पत्र साधंसुधं नाही. ते छापून निघालं होतं, त्याची भाषा थट्टेखोर आहे, आणि ते लँगमने लिहिलंच नाही, विल्यम पॅटन नावाच्या दुसऱ्याच माणसाने त्याची टिंगल करायला त्याच्या नावावर खपवलं, असं मानणारे अभ्यासकही आहेत. म्हणजे साक्षीदार एकच, आणि तोही खरा की खोटा याची शंका!

पण मग त्यांनी खणलं. बाग उभारण्याआधी पुरातत्त्ववाल्यांनी ती जागा उकरली, आणि बरोबर मधोमध कारंज्याचा पाया निघाला, पत्रातल्या आठ कोनांच्या टाक्याशी जुळणारा. पत्र कोणीही लिहिलेलं असो, लिहिणारा त्या बागेत उभा राहिला होता. कागद आणि माती यांची साक्ष जुळली की आम्हा इतिहासवाल्यांना जो आनंद होतो, तो तुम्हाला सांगून कळायचा नाही.

नातीला मी काय सांगितलं? म्हटलं, "बाळा, फुलं खरी आहेत. दगड नवा आहे. जागा खरी आहे. आणि आठवण एका माणसाची आहे." तिला ते फारसं पटलं नाही. "म्हणजे फिफ्टी-फिफ्टी," असं म्हणून ती पक्षी बघायला पळाली.

मला आमच्या सहली आठवल्या. दरवर्षी सातवीची मुलं घेऊन आम्ही शनिवारवाडा बघायला जायचो. आत काय आहे? जोती आणि हजारी कारंज्याचा कमळासारखा हौद. १८२८ साली आग लागली आणि वाडा जळाला. मी हौदाच्या काठावर उभी राहून म्हणायची, "मुलांनो, कल्पना करा, इथे शेकडो धारा उडताहेत…" मुलं बिचारी डोळे मिटायची, मागच्या रांगेतली एकमेकांना चिमटे काढायची. तेहेतीस वर्षं मी 'कल्पना करा' म्हणत आले. इथे या लोकांनी कल्पना करायला न सांगता सरळ बांधूनच दाखवलं. दोन्हींतलं बरं कोणतं? मी बाकावर बसून बराच विचार केला. बांधलं की मागच्या रांगेतल्या मुलालाही दिसतं, हे खरं. पण बांधलं की चूकही संगमरवरात उभी राहते, हेही खरं. माझ्या 'कल्पना करा'त चूक झाली तर ती मुलांबरोबर घरी जाऊन विरून जायची.

दुपारी आम्ही बुरुजाला वळसा घालून गेलो. या बुरुजाची बागेकडची, म्हणजे उत्तरेची, भिंत सबंध नाहीशी आहे. चाकूने केक कापावा तशी. मला वाटलं वेढ्यात पडली असेल. तसं नाही. इंग्लंडच्या यादवी युद्धानंतर, १६४९-५० मध्ये, पार्लमेंटच्या हुकमाने हा किल्ला मुद्दाम मोडला, पुन्हा कोणी त्यात फौज घेऊन बसू नये म्हणून. भिंत उडवली, तलावाचं पाणी सोडून दिलं, तळाची जमीन वाटून घेतली. मोडण्याच्या कामावरचा जो अधिकारी होता, त्याने डडलीचा नवा दरवाजा तेवढा राखला आणि त्याचंच स्वतःला राहायला घर केलं!

हे वाचलं आणि मी थबकले. आपल्याकडे १८१८ साली इंग्रजांनी हेच केलं की. मे महिन्यात रायगडावर तोफा डागल्या, वाडे जळाले. नंतर सह्याद्रीतल्या कितीतरी गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून तोडल्या, पुन्हा कोणी वर जाऊन बंड करू नये म्हणून. ते शिकवताना माझा आवाज चढायचा. मुलांना राग यायचा, मलाही यायचा. तो राग चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. पण ही विद्या ते आधी स्वतःच्या घरावर शिकून आले होते, हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं. सत्तेला किल्ल्याची भीती वाटते, मग किल्ला आपला असो की परक्याचा. आणि किल्ला मोडताना बाग मोडायचा हुकूम वेगळा काढावा लागत नाही. ती आपोआप मरते. माळी काढून टाकला की झालं.

म्हणूनच मला आपल्या रामचंद्रपंत अमात्यांचं मोठं कौतुक वाटतं. त्यांच्या आज्ञापत्रात गडकोटांच्या प्रकरणात तोफा आणि दारूगोळा आहेच, पण गडावर झाडं लावावीत, आंबे-फणसांसारखी मोठी, लिंबू-नारिंगांसारखी लहान, फुलझाडं, वेलीसुद्धा, आणि ती जतन करावीत, असंही बजावलं आहे. हेतू व्यवहारी आहे, वेळप्रसंगी लाकूड कामाला येईल. पण फुलझाडांचं आणि वेलींचं लाकूड कोणाला कामाला येतं हो? अमात्यांच्या मनात थोडी बागही असावी, असं मी आपलं मानते.

परतायच्या आधी चहाला बसलो ते डडलीच्या बापाने बांधलेल्या पागेत. तिथे आता उपाहारगृह आहे. तिथे मुलाने मला एक गोष्ट सांगितली, ती मला माहीत नव्हती. डडली १५८८ च्या सप्टेंबरमध्ये वारला. जाण्याच्या काही दिवस आधी त्याने राणीला चार ओळींचं पत्र लिहिलं होतं, प्रकृतीची चौकशी करणारं, साधंच. राणीने त्यावर आपल्या हाताने 'त्याचं शेवटचं पत्र' एवढंच लिहिलं आणि ते आपल्या पलंगाशेजारच्या पेटीत ठेवलं. १६०३ साली ती गेली, तेव्हा ते पत्र त्या पेटीत सापडलं. पंधरा वर्षं!

हे ऐकलं आणि माझा घोट घशातच अडकला. मुलाला वाटलं चहा गरम आहे.

आता जे लिहिते आहे ते मुख्यतः घरच्या मंडळींसाठी आहे. बाकीच्यांनी कंटाळा आला तर इथे थांबावं.

आमचा वाईचा वाडा तुमच्यापैकी थोरल्यांना आठवत असेल. वाड्यामागे परस होता, आणि परसात अण्णांची बाग. अण्णा कचेरीत कारकून. सकाळी रहाटाने पाणी काढून पाटाने झाडांना सोडायचे आणि मग कचेरीत जायचे. पुढे अण्णा गेले, आई गेली. वाडा विकायची गोष्ट निघाली तेव्हा दादा नको म्हणत होता. "बाग तरी राहू दे, मागची जागा ठेवू," म्हणत होता. मला तेव्हा पुण्याच्या फ्लॅटचे हप्ते भरायचे होते. मीच म्हटलं, "दादा, झाडं काय, कुठेही लावता येतात." सह्या झाल्या. १९९८ ची गोष्ट. आता तिथे तीन मजली इमारत आहे आणि परसात गाड्या लागतात. आम्हाला कोणी हुकूम काढला नव्हता. आम्ही माळी काढून टाकला, एवढंच.

त्या बागेचा एकही फोटो नाही. कॅमेरा होता कोणाकडे! आणि गेली कित्येक वर्षं दादाचा आणि माझा एक वाद आहे. मी म्हणते हौदावर पारिजातक होता, सकाळी पाण्यावर फुलं तरंगायची. दादा म्हणतो, पारिजातक विहिरीपलीकडे, हौदावर बकुळ. मी इतिहासाची शिक्षिका म्हणून माझाच शब्द शेवटचा, असं मी दर दिवाळीला ठासून सांगत आले.

लग्न झाल्यावर अण्णा मला दर पंधरवड्याला आंतरदेशीय पत्र पाठवायचे. त्यात माणसांपेक्षा झाडांचीच ख्यालीखुशाली जास्त. मला तेव्हा हसू यायचं. सासरी सगळ्यांसमोर पत्र उघडावं तर आत लिहिलेलं, अनंताला सात कळ्या आल्या आहेत, आळूला कीड लागली होती, राख टाकली. पुढे घर बदलताना ती पत्रं रद्दीत गेली. मीच घातली. एक तेवढं राहिलं, एका जुन्या पुस्तकात खुणेला घातलेलं, १९७९ चं. ते मी या प्रवासात, का कोण जाणे, पर्समध्ये ठेवलं होतं.

केनिलवर्थहून आल्यावर रात्री ते काढलं. निळा कागद घडीवर विरला आहे. पूर्वी किती वेळा वाचलं असेल, पण लँगमची मापं बघून आल्यावर पहिल्यांदा साधन म्हणून वाचलं. अण्णांनी लिहिलं आहे, हौद उपसायला घेतला, बकुळीच्या फुलांनी तळ काळा झाला होता, दोन पाट्या गाळ निघाला.

बकुळीच्या.

दादा, तू बरोबर होतास. हौदावर बकुळच होती. झाडाबाबतही बरोबर होतास, आणि परस ठेवायला सांगत होतास तेव्हाही. पहिली गोष्ट मी फोनवर सांगू शकले असते. दुसरी सांगायला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं लागली आणि इतक्या लांब यावं लागलं.

लँगम काही मोठा इतिहासकार नव्हता. दारावरचा माणूस, त्याने डोळ्यांनी पाहिलं ते मापासकट लिहिलं, आणि त्यावरून चारशेहून अधिक वर्षांनी एक बाग पुन्हा उगवली. आपली बाग पुन्हा उगवायची नाही, जागाच राहिली नाही. पण ती होती कशी, एवढं तरी ठरवून ठेवता येईल. म्हणून सगळ्या भावंडांना, भाच्या-पुतण्यांना सांगणं आहे. प्रत्येकाने एकमेकांना न विचारता आपापल्या आठवणीने परसाचा नकाशा काढा. विहीर कुठे, रहाट कुठे, रामफळ कुठे, कर्दळ कोणत्या भिंतीला. हौदाची लांबी-रुंदी आठवत असेल तर हातांत किंवा पावलांत लिहा. चुकलं तरी हरकत नाही, माझंही चुकलंच होतं. सगळे कागद जमले की ताडून बघू. आणि कोणाच्या ट्रंकेत अण्णांचं आणखी एखादं निळं पत्र निघालं, तर कृपा करून रद्दीत घालू नका.

मी मेअखेरीस परत येते आहे. दादा, आल्यावर पहिल्यांदा तुझ्याकडेच येईन. बकुळीचं एक रोप आणून ठेव, कुंडीत लावू. उशीर झाला आहे, पण झाडं कुठेही लावता येतात, असं मीच म्हणाले होते ना?

असो. आता थांबते.